सुरी कोणाच्या हाती?

(द्वितीय वर्ष, कला)

आठवडी बाजारात मडके घ्यायचे झाले तरी आपण ते बोटाने वाजवून पाहतो. बैल घ्यायचा तर त्याचे दात बघतो, चार पावले चालवून पाहतो. मुलीचे लग्न ठरवताना तर चौकशी मुलाच्या आजोळापर्यंत जाते. परंतु हाच चौकस माणूस शस्त्रक्रियेची वेळ आली की एकदम मुका होतो. ज्याच्या हाती आपला देह बेशुद्धावस्थेत सोपवायचा, त्याचे नाव, शिक्षण, अनुभव यांतले काहीही तो विचारत नाही. "डॉक्टर म्हणतील तसं" एवढे म्हणून हात जोडतो आणि जिथे बोट दाखवतील तिथे सही किंवा अंगठा करतो.

असे का व्हावे? आणि शस्त्रक्रियेपूर्वी शल्यविशारदाची माहिती करून घ्यायची ती नेमकी कशी? या दोन प्रश्नांची उत्तरे माझ्या अल्पमतीप्रमाणे शोधण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे. हा विषय मला पुस्तकातून सुचला नाही. तो आमच्या घरातूनच आला, म्हणून आधी तेवढे थोडक्यात सांगते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आईच्या पोटात उजव्या बरगडीखाली कळा येऊ लागल्या. तालुक्याच्या गावी एका खाजगी रुग्णालयात सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे निघाले. "रविवारी बाहेरून मोठे सर्जन येतात, त्या दिवशी काढून टाकू," असे सांगण्यात आले. संमतीपत्राचा कागद आबांच्या हाती दिला गेला. तो इंग्रजीत होता. आबांनी तो माझ्याकडे सरकवला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा इंग्रजी कागद आला की तो माझाच. मी वाचू लागले. शस्त्रक्रियेच्या नावाची जागा कोरी होती. ती करणाऱ्या डॉक्टरांच्या नावाची जागाही कोरी होती. खाली सहीसाठी मात्र पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती.

मी तेथील बाईंना विचारले, "ऑपरेशन कोण करणार?"

"मोठे डॉक्टर."

"त्यांचं नाव?"

"ते आले की कळेल."

आबा माझ्यावरच चिडले. "डाक्टरला कुणी नाव इचारतं व्हय गं? त्येस्नी राग आला म्हंजी?"

आबांच्या या एका वाक्यात आपल्या समाजाची सारी अडचण सामावलेली आहे असे मला वाटते. विचारणे म्हणजे अविश्वास, आणि अविश्वास म्हणजे अपमान. अपमान झालेला माणूस सुरी नीट चालवणार नाही ही भीती त्यामागे असते. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. गरजू आणि अडाणी समजल्या गेलेल्या माणसाला ती अनुभवानेच शिकवलेली असते. परंतु हा प्रश्न खरोखरच अपमानाचा आहे काय?

जुना दाखला

आपल्याकडे शल्यतंत्राचा आद्य ग्रंथ म्हणजे 'सुश्रुतसंहिता'. शस्त्रक्रिया शिकणाऱ्याने आधी कशावर हात बसवावा हे त्यात बारकाईने सांगितले आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा; टाके घालण्याचा सराव जाड वस्त्रावर व मऊ कातड्यावर करावा, असा त्याचा आशय आहे. नुसते शास्त्र पाठ करून कर्मात कच्चा राहिलेला वैद्य आणि नुसते कर्म जाणून शास्त्र न शिकलेला वैद्य, या दोघांनाही संहिता एका पंखाच्या पक्ष्याची उपमा देते. वैद्याने व्यवसायात कधी पाऊल टाकावे याच्या अटीही तेथे घातल्या आहेत. त्याने शास्त्र शिकलेले असावे, प्रत्यक्ष कर्म पाहिलेले असावे, स्वतः सराव केलेला असावा, आणि राजाची अनुज्ञा घेतलेली असावी.

आजही रुग्णाने विचारायचे प्रश्न याहून फार निराळे नाहीत. राजाच्या जागी वैद्यक परिषद आली एवढेच. अनुज्ञा, शिक्षण आणि सराव या तिन्हींचा क्रमाने विचार करू.

अनुज्ञा : नोंदणी

मुंबई इलाख्यात डॉक्टरांची नोंदवही ठेवण्याचा कायदा १९१२ साली झाला. आज हे काम आपल्या राज्यात महाराष्ट्र वैद्यक परिषद करते. देशपातळीवर २०१९ च्या कायद्याने राष्ट्रीय वैद्यकीय आयोग स्थापन झाला आहे. नोंदणी नसताना आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्यास या कायद्यान्वये एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

प्रत्येक डॉक्टरला एक नोंदणी क्रमांक मिळतो. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की, हा क्रमांक डॉक्टरने आपल्या दवाखान्यात लावला पाहिजे. इतकेच नव्हे तर औषधाच्या चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशाच्या पावतीवरही छापला पाहिजे. म्हणजे तो पाहण्यासाठी कोणाच्या तोंडाकडे बघण्याची गरज नाही. हातातली चिठ्ठी उलगडली की पुरे. चिठ्ठीवर क्रमांकच नसेल तर पहिली शंका तेथेच घ्यावी.

क्रमांक मिळाला की पुढचे काम मोबाईल असलेल्या कोणाही विद्यार्थ्याला करता येते. परिषदेच्या संकेतस्थळावर डॉक्टरचे नाव किंवा क्रमांक टाकून नोंद पाहता येते. २०२५ सालापासून परिषदेने डॉक्टरांसाठी क्यूआर कोडचीही सोय केली आहे. दवाखान्यात लावलेला तो कोड मोबाईलने टिपला की नोंद समोर येते. या नोंदीत तीन गोष्टी पाहाव्यात. नाव तेच आहे काय? दर पाच वर्षांनी करावे लागणारे नोंदणीचे नूतनीकरण झालेले आहे काय? आणि एम.बी.बी.एस.च्या पुढची पदवी तेथे नोंदलेली आहे काय? ही तिसरी गोष्ट शस्त्रक्रियेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची.

शिक्षण : पाटीवरील अक्षरे

डॉक्टरांच्या नावापुढची अक्षरे आपण नुसती मोजतो. जितकी जास्त तितका डॉक्टर मोठा. वास्तविक ती वाचायला शिकले पाहिजे.

एम.बी.बी.एस. ही पायाभूत पदवी. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची सेवा मिळून ती पदरात पडते. या पदवीत शस्त्रक्रियेची ओळख होते, पण तेवढ्याने कोणी शल्यविशारद होत नाही. त्यानंतर तीन वर्षांचा एम.एस. हा अभ्यासक्रम असतो, आणि तो शाखेशाखेचा वेगळा असतो. सर्वसाधारण शस्त्रक्रियेचा एम.एस. निराळा, हाडांचा निराळा, डोळ्यांचा निराळा, कान-नाक-घशाचा निराळा. म्हणून नुसते 'एम.एस.' वाचून थांबू नये. त्यापुढे कंसात काय आहे ते पाहावे. मेंदू, हृदय, मूत्रमार्ग, प्लास्टिक सर्जरी अशा सूक्ष्म शाखांसाठी त्यापुढे आणखी तीन वर्षांची एम.सीएच. ही पदवी आहे. डी.एन.बी. ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवीही त्या त्या शाखेची मान्यताप्राप्त पदवी होय. एम.डी. बहुधा औषधोपचाराच्या शाखांत मिळते. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात मात्र एम.डी. आणि एम.एस. या दोन्ही पदव्या आढळतात.

काही अक्षरे ही पदवीची नसतात. एखाद्या संस्थेच्या सभासदत्वाची किंवा थोड्या दिवसांच्या वर्गाची असतात. ती असणे गैर नाही, पण ती एम.एस.ची जागा घेऊ शकत नाहीत. विशेष शिक्षण नसताना आपण त्या शाखेचे तज्ज्ञ असल्याचे सांगू नये, असे उपरोक्त नियमांतच म्हटले आहे.

येथे आणखी एक खुलासा आवश्यक आहे. आयुर्वेदातही शल्यतंत्राची एम.एस. ही पदव्युत्तर पदवी आहे. नोव्हेंबर २०२० मधील अधिसूचनेने आयुर्वेदातील शल्य व शालाक्य या शाखांच्या पदव्युत्तर वैद्यांच्या शिक्षणात ५८ शस्त्रकर्मे स्पष्ट करण्यात आली, आणि त्यावर देशभर वाद झाला. त्या वादाचा निकाल लावण्याची माझी योग्यता नाही. पण रुग्णाला आपल्यापुढील डॉक्टर कोणत्या शास्त्राचा आहे हे ठाऊक असलेच पाहिजे. आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांच्या परिषदा व नोंदवह्या स्वतंत्र आहेत, त्यांत शोध घेता येतो. हा भेद किती गंभीर आहे हे मुंबईतील एका प्रकरणावरून दिसून येते. होमिओपॅथीची पदविका असलेल्या एका डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली आणि तो रुग्ण दगावला. जी पद्धती शिकली नाही तिचा व्यवसाय करणारा त्या पद्धतीपुरता भोंदूच ठरतो, असा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाचा आशय आहे. हे प्रकरण औषधोपचाराचे होते. सुरीला तर तोच न्याय अधिकच कडकपणे लावला पाहिजे.

सराव : हात बसला आहे काय?

पदवी आणि नोंदणी कागदावर मिळतात, हाताचा सराव मात्र कागदावर सापडत नाही. म्हणून येथे विचारण्यावाचून गत्यंतर नाही. "ही शस्त्रक्रिया आपण किती दिवस करीत आहात? वर्षाला साधारण किती करता? त्यांत काय काय अडचणी आल्या? अडचण आली तर आपण काय करता?" असे हे साधे प्रश्न आहेत.

यांतला शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. पित्ताशयाचेच उदाहरण घेऊ. आज ते बहुधा दुर्बिणीतून काढतात. पोटावर तीन-चार लहान छिद्रे पडतात आणि माणूस लवकर हिंडूफिरू लागतो. पण आत सूज फार असेल तर पित्ताची मुख्य नळी ओळखणे कठीण होते आणि तिला इजा होण्याचा धोका असतो. अशा वेळी दुर्बीण बाजूला ठेवून नेहमीसारखे पोट उघडणे यातच शहाणपण असते. "गरज पडली तर मी पोट उघडीन" असे जो आधीच सांगतो तो कमी कौशल्याचा नव्हे. त्याला संकटाची जाण आहे असे समजावे.

काही देशांत हा अनुभव आकड्यांत मांडण्याची पद्धत पडली आहे. अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियांचे निकाल १९९० नंतरच्या दशकात रुग्णालयवार आणि सर्जनवार प्रसिद्ध होऊ लागले. इंग्लंडमध्ये त्याला एक दुःखद प्रकरण कारण झाले. ब्रिस्टल येथील रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियांत अपेक्षेपेक्षा अधिक मुले दगावत होती. तेथीलच एका भूलतज्ज्ञाने ते हेरले आणि आवाज उठवला. पुढे सार्वजनिक चौकशी झाली. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील ३० ते ३५ मुले इतरत्र दगावली असती त्याहून अधिक दगावली, असा अंदाज २००१ च्या अहवालात मांडला गेला. त्या मुलांच्या आईबापांनी विश्वासाने मुले सोपवली होती. हे आकडे मात्र त्यांच्यापुढे कोणी ठेवले नव्हते.

आपल्याकडे असे तक्ते लोकांपुढे ठेवण्याची पद्धत नाही. ती असती तरी आकडे जपून वाचावे लागले असते. कारण जो डॉक्टर इतरांनी नाकारलेले अवघड रुग्ण स्वीकारतो, त्याच्या हातून अपयशही अधिक येणार. म्हणून एका आकड्यावर न जाता, त्याच शस्त्रक्रियेतून गेलेल्या दोन-चार माणसांना भेटावे आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारावे. "तुमच्या घरच्या माणसाला तुम्ही कोणाकडे नेले असते?" या प्रश्नाचे उत्तर बहुधा खरे येते.

एकटा सर्जन नव्हे

शस्त्रक्रिया एका माणसाची नसते. भूल देणारा कोण, याचा तर आपण विचारच करीत नाही. वास्तविक शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाचा श्वास आणि नाडी यांची राखण भूलतज्ज्ञच करतो. त्याने आदल्या दिवशी किंवा निदान आधी रुग्णाला तपासले पाहिजे. दमा, मधुमेह, रक्तदाब, पूर्वीच्या भुलेचा त्रास, चालू असलेली औषधे या सर्वांची विचारपूस केली पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी तपासणीची एक यादी तयार केली. रुग्ण तोच आहे ना, बाजू तीच आहे ना, साधने मोजली का, असे साधे प्रश्न भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी मोठ्याने विचारायचे. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. हा फरक घडवायला नवे यंत्र लागले नाही. जगातले मोठमोठे सर्जन स्वतःला असे प्रश्न विचारून घेतात, मग रुग्णाने विचारले तर बिघडते कोठे?

रुग्णालयाचीही नोंदणी असते. १९४९ च्या कायद्यानुसार खाजगी रुग्णालयाला नोंदणी करावी लागते. २०२१ साली त्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. रुग्णालयात गेल्यावर ती भिंतीवर शोधावी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. ते रुग्णालय कोणत्या उपचारांसाठी योजनेत आहे हे त्याला विचारता येते.

शस्त्रक्रिया हवीच काय?

हा प्रश्न खरे तर सर्वांच्या आधी यायला हवा. सर्जन कितीही निष्णात असला तरी नको असलेली शस्त्रक्रिया चांगली होऊ शकत नाही. पित्ताशयात खडे आहेत पण त्रास काहीच नाही, अशा रुग्णाला बहुधा शस्त्रक्रियेची घाई नसते. कळा येऊ लागल्या की गोष्ट वेगळी.

आपल्या महाराष्ट्राला या बाबतीत बीड जिल्ह्याने डोळे उघडायला लावले आहेत. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली ऐरणीवर आला. शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत तरुण स्त्रियाही होत्या. पाळीच्या दिवसांत तोडणी चुकली तर मजुरी बुडते, उचल फेडायची राहते. फडावर ना पाणी, ना आडोसा. अशा बाईला कोणी "पिशवी काढली की कटकट मिटेल" असे सांगितले तर ती काय विचारणार? त्यानंतर जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम लावण्यात आला. म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हे शासनालाही आवश्यक वाटले. ते आपण होऊन घेण्याचा हक्क तर प्रत्येक रुग्णाला आहे, आणि त्यासाठी सरकारी रुग्णालयाचा केसपेपर पुरतो. आपले सर्व अहवाल मात्र जवळ हवेत. कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांच्या आत द्यावीत, असा २००२ च्या नियमांतच दंडक आहे.

संमती कोणाची, कशाला?

संमतीपत्र म्हणजे रुग्णालयाचा बचाव एवढेच नव्हे. ते रुग्णाचे आहे. समीरा कोहली या दिल्लीतील महिलेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हे स्पष्ट केले. त्या केवळ दुर्बिणीतून तपासणीसाठी गेल्या होत्या. त्या भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांचे गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. आणि जिवाचा तातडीचा धोका नसताना सज्ञान रुग्णाच्या वतीने दुसऱ्याची संमती चालणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. आमच्या घरी संमतीपत्र आबांच्या हाती दिले गेले होते. आई शेजारीच बसली होती. तिला कोणी काही विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही ते खटकले नाही.

मर्यादा

हे सर्व वाचून कोणी डॉक्टरांकडे संशयाने पाहू लागेल तर माझा हेतू फसला असे होईल. अपघात, फुटलेले अपेंडिक्स, अडलेली बाळंतीण अशा प्रसंगी चौकशीत वेळ घालवणे म्हणजे जीव घालवणे. तेथे जवळचा डॉक्टर हाच सर्वांत चांगला डॉक्टर. तसेच शस्त्रक्रिया अयशस्वी झाली म्हणजे डॉक्टरने गुन्हा केला असेही नव्हे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते असा निकाल १९९५ साली झाला. परंतु डॉक्टरला फौजदारी गुन्हेगार ठरवायचे तर हयगय घोर असली पाहिजे, असेही सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली बजावले आहे. रुग्णालयाची मोडतोड करणाऱ्या जमावाने यातले काहीच विचारलेले नसते, शस्त्रक्रियेआधीही नाही आणि नंतरही नाही. आधी विचारण्याची सवय असती तर नंतरचा पुष्कळसा संताप टळला असता, असे मला वाटते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळते. विचारणे हा अपमान आहे काय? याचे उत्तर मला कोकणातील एका जुन्या खटल्यात सापडले. १९५३ सालच्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. वडील स्वतः दापोलीस डॉक्टर. मुलाला त्यांनी पुण्यास नेले. तेथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवण्यात आले, आणि त्याच दिवशी रात्री तो मुलगा दगावला. वडिलांनी दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ साली निकाल वडिलांच्या बाजूने लागला. नुकसानभरपाई होती तीन हजार रुपये. पण त्या निकालात न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी घेणे, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना काळजी घेणे, आणि तो उपचार देताना काळजी घेणे.

यांतले पहिले कर्तव्य नीट पाहावे. "हे काम माझ्या हातचे आहे काय?" हा प्रश्न डॉक्टरने स्वतःलाच विचारावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. मग तोच प्रश्न रुग्णाने नम्रपणे विचारला तर त्यात अपमान कसला? ज्याने तो स्वतःला आधीच विचारला आहे, त्याला उत्तर द्यायला क्षणाचाही वेळ लागणार नाही.

आमच्या बाबतीत तसेच घडले. त्या रविवारी आम्ही गेलो नाही. आमच्या प्राध्यापकांनी परिषदेची नोंद कशी पाहायची ते मला दाखवले. पण नावच ठाऊक नाही तर पाहणार काय? शेवटी आईला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नेले. तेथील सर्जनांनी आपले नाव आपणहून सांगितले. मी चिठ्ठीवर लिहून नेलेले प्रश्न अडखळत विचारले. आबा खाली मान घालून उभे होते. डॉक्टरांनी सगळी उत्तरे दिली, कागदावर पित्ताशयाचे चित्र काढून आईला दाखवले, आणि मला म्हणाले, "विचारलंस ते बरं केलंस. कुणी विचारतच नाही." संमतीपत्र मराठीत होते. ते मी आईला वाचून दाखवले आणि खाली आईने स्वतः सही केली. तिला तेवढी चार अक्षरे येतात.

आई आता बरी आहे. तालुक्याला रविवारी येणारे ते सर्जन कदाचित यांच्याइतकेच, यांच्याहूनही निष्णात असतील. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. ते कोण, हे आम्हाला कळायला वाव ठेवला नव्हता, एवढीच तक्रार आहे.

सुश्रुतसंहितेत एक विचार आहे. रुग्ण एक वेळ आईबापांवर, पोटच्या मुलांवर शंका घेईल. पण वैद्यावर विश्वास ठेवून तो स्वतःला त्याच्या स्वाधीन करतो. म्हणून वैद्याने त्याला पुत्राप्रमाणे सांभाळावे. हा विश्वास मोडावा असे मला मुळीच वाटत नाही. तो डोळे उघडे ठेवून द्यावा, एवढेच म्हणणे आहे.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी इंग्रजी कागद वाचणारे आपणच पहिले आहोत. उद्या तुमच्याही हाती असा एखादा कागद येईल. तेव्हा कोऱ्या जागा आधी पाहा, आणि त्या भरल्याशिवाय खालच्या फुलीकडे कोणाचे बोट जाऊ देऊ नका.